बेखमीर भाकर

शनिवारी संध्याकाळी शरणम्मांनी पिठाची परात सुनेपुढे सरकवली आणि मान खाली घालून म्हणाल्या, "सरजा, उद्याची भाकर तू कर. माझे हात लई थरथरून राहिलेत."

उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असे आणि त्याची बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता केलेली, भाकर याच घरातून जाई. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी त्या पिठाला सरजाबाईचं बोट लागलं नव्हतं... सासरच्या पूर्वजांनी लिंगायत घर सोडून ख्रिस्त धरला होता, तिच्या आजोबांनी मातंग वस्तीत. देव एक झाला, परात काही एक झाली नाही! घर मोडू नये म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहण्यालाच क्षमा समजत आली.

तिची आई मंडळीच्या देवळात दाराजवळच्या सतरंजीवर बसायची. लेकीच्या हातची भाकर उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या हातात बघावी, एवढीच तिची हौस. दोनदा तिनं विचारलं, दोनदा सरजानं 'मला तशी जमत नाही' अशी थाप मारली. मग आईनं विचारणं सोडलं. गेल्या साली ती गेलीच...

सरजाबाईनं परातीला हात लावला नाही. "आधी सांगा आत्या, इतकी वर्सं का न्हाई?"

शरणम्मांनी रीतीचं नाव काढलं, कामाच्या धबडग्याचं काढलं. सून हलली नाही. शेवटी म्हातारी खरं बोलली.

"तुझ्या जातीपायी. गुडघे टेकून प्रार्थना करायची अन् घरी येऊन हेच करायची मी."

"तुमची अब्रू राखायला मी मायला खोटं सांगितलं," सरजाबाई म्हणाली. "आता खरं कुनाला सांगू?"

शरणम्मा रडल्या. सरजाबाईही रडली, पण त्यांचे डोळे पुसायला उठली नाही. बऱ्याच वेळानं तिनं परात ओढली.

रविवारी पाळकसाहेबांनी भाकर मोडली, तेव्हा सवयीनं तिची नजर दाराकडे गेली. पुढचा बाक सोडून, आईच्या जागी, दुखरे गुडघे मुडपून शरणम्मा ओंजळ पसरून बसल्या होत्या. सरजाबाईचं मन विरघळलं... तिनं आपला तुकडा तोंडात घातला. चव थेट आईच्या हातची होती. पीठ मळायला तिला आईनंच तर शिकवलं होतं! म्हणजे ती थाप आईला तेव्हाच कळली होती, आणि लेकीचं घर टिकावं म्हणून तीही गप्प राहिली होती.