शेजाऱ्यांना ऐकू जाईल

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढचं वाचू नये. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. जे लिहितोय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात, श्रीरामपूरला.

आणि रात्रबित्र काही नव्हती. नाताळच्या आधीचा रविवार होता. भरदुपार.

मी जोशुआ. राहायला केडगावला. नात्यात कुणाचाही टीव्ही, स्पीकर, मोबाईल बिघडला की पहिला फोन मला येतो. बारशाला बोलवायचं विसरतील, पण तेव्हा बरोबर आठवण येते.

दानीएल मामांचा फोन आला.

"जोशुआ, पिक्चर लागतो, पन त्यातलं बोलनं येत न्हाई. गानी येत्यात, मारामारी येती. मानसं नुसती तोंड हलवत्यात."

मला हसू आलं. हा नेहमीचा घोटाळा. डीव्हीडीवरून उतरवलेल्या पिक्चरमध्ये आवाज पाच-सहा स्पीकरसाठी वेगवेगळा भरलेला असतो. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमध्ये. घरातल्या टीव्हीला तो मधला स्पीकरच नसतो. मीडिया प्लेअरने सगळं एकत्र करून दिलं नाही, की बोलणं गायब. एक सेटिंग बदललं की काम संपलं.

ते पिक्चर शॅरनताईने भरून दिले होते. मामांची एकुलती एक मुलगी. मामांकडे पेटीभर डीव्हीडी होत्या. लग्नाआधी तिने एकेक करून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि हार्ड डिस्कवर घातल्या. मी सासरी गेल्यावर पप्पांना करमायचं नाही, म्हणाली होती.

तिला जामखेडकडे दिली. गेल्या पावसाळ्यात ती सासरच्या विहिरीत सापडली.

पाणी शेंदताना पाय घसरला म्हणे. त्या विहिरीवर मोटार आहे. तिथे कुणी पाणी शेंदत नाही. हे मला माहीत होतं, मामांनाही माहीत होतं. पण मामा चर्चचे पंच. लोकांत चर्चा नको. त्यांनी साधी तक्रारसुद्धा केली नाही. आमच्याकडे मुलगी गेल्याचं दुःख असतं, पण नाव जाण्याची भीती त्याहून मोठी असते.

असो.

उपासना आटोपून मी मामांकडे पोचलो. चर्चमागे घरांची रांग आहे, भिंतीला भिंत. इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडची बाई गॅस बंद करायला उठते.

मामी दाराजवळ बसली होती. ताई गेल्यापासून ती फारशी बोलत नाही.

मी पिक्चर लावला. पाऊस पडत होता, मागे वाद्यं वाजत होती. हिरोची आई काहीतरी बोलत होती... ओठ हलत होते... बोलणं नाही.

सेटिंग बदललं.

काही नाही.

वायर बदलली. दुसरा पिक्चर लावला. टीव्हीचे स्पीकर बंद करून माझा स्पीकर जोडला.

दारं आपटत होती, गाड्या धावत होत्या. माणसं मुकी.

मग हार्ड डिस्क काढून बाहेर ओट्यावर नेली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. तोच पिक्चर, तोच प्रसंग.

बोलणं स्वच्छ आलं. शब्दन् शब्द.

चालू लॅपटॉप तसाच हातात घेऊन मी उंबरठा ओलांडला...

बोलणं बंद.

मागे आलो. बोलणं सुरू.

यात बिघाड कसला शोधायचा? घर काही सेटिंगमध्ये बदलता येत नाही.

"झालं का?" मामांनी आतून विचारलं. मी आत जाऊन हार्ड डिस्क पुन्हा टीव्हीला जोडली. डोकं चालेना, म्हणून रिमोट घेतला आणि आवाज कमी करत गेलो. वाद्यं बारीक झाली. पाऊस बारीक झाला.

शून्य. पडद्यावर काट मारलेल्या स्पीकरची खूण आली.

आणि रडणं ऐकू आलं...

तोंडावर ओढणी दाबून रडावं तसं. टीव्हीतून नाही. स्वयंपाकघराच्या दारातून.

तिथे कुणीच नव्हतं.

"पप्पा... मला परत पाठवू नका."

शॅरनताईचा आवाज होता. तिने मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. तिचा आवाज मी गर्दीतही ओळखला असता.

मामी जागची हलली नाही. तिने फक्त डोळे मिटले. तिला हे नवीन नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि मामा... माझ्या मामांनी काय करावं? ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले,

"आवाज वाढव, जोशुआ. शेजाऱ्यांना ऐकू जाईल."

मी रिमोट खाली ठेवला.

"असंच करायचे हे," मामी म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी तिला एवढं बोलताना ऐकत होतो. "पोरगी सासरवरनं आली, रडाया लागली, की आधी दार लावायचे. मग पिक्चर लावायचे. मोठ्या आवाजात. तिनंच भरून दिलेला. पिक्चर संपला की म्हनायचे, चल, तुला एसटीत बसवून येतो."

"तू गप," मामा म्हणाले.

"गप ऱ्हायले, म्हनून तर ती गेली."

रडणं चालूच होतं. मला इतका संताप आला की भीती कुठच्या कुठे गेली. ऐकू जाऊ दे शेजाऱ्यांना! सगळ्या रांगेला ऐकू जाऊ दे! मी दार सताड उघडलं.

शेजारच्या मालनबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"मालनबाई, काही ऐकू येतंय का आमच्या घरातलं?"

त्यांनी कान दिला. मान हलवली. "आज न्हाई बा काय येत."

मग पुन्हा मेथीत हात घातला आणि खाली बघूनच म्हणाल्या, "तवा यायचं. शॅरन यायची तवा. पिक्चर किती बी मोठा लावू द्या, मागनं तिचं रडनं यायचंच. समद्या रांगेला यायचं."

"मग?"

"मग काय? तुमच्या घरातली गोष्ट. आमी कशाला पडायचं मधे?"

माझ्या मागे रडणं थांबलं.

एकदम.

मामांनी रिमोट उचलून आवाज वाढवला. हिरोची आई बोलायला लागली. खणखणीत.

"झालं बघ दुरुस्त," मामा म्हणाले आणि खुर्चीत टेकले. त्या माणसाला पुन्हा मामा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

निघताना मामीने हार्ड डिस्क माझ्या पिशवीत टाकली. घरी कपाटात आहे. मी ती अजून कशाला जोडलेली नाही. ते रडणं आम्हा तिघांनाच का ऐकू आलं, मामांना रोज ऐकू येत असेल का, मला माहीत नाही. विचारायला मी पुन्हा गेलोही नाही.

पण हे इथे संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारी टीव्हीचा आवाज अचानक मोठा झाला. रविराज आणि पूजा राहतात तिथे, नवीनच जोडपं आहे. मी उठलो आणि जाऊन बेल दाबली.

रविराजने दार अर्धंच उघडलं. "काय दादा? मॅच बघतोय."

त्याच्या खांद्यावरून मला टीव्ही दिसत होता. खरंच मॅच चालू होती. टाळ्या, शिट्ट्या, बॅटचा आवाज, सगळं येत होतं.

कॉमेंट्री येत नव्हती...

"आवाजात काहीतरी प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "बघता का जरा?"

मी आत गेलो आणि आधी आवाज बंद केला.

या वेळी रडणारी बाई जिवंत होती. आतल्या खोलीत कडी लावून कोंडलेली होती. मी कडी काढली.

पूजाला तिचे वडील दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. सगळे म्हणाले, बरं झालं, पोरगी सुखरूप माहेरी गेली. मीही तेच म्हणालो.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. तिच्या माहेरी टीव्ही केवढ्यानं लावतात, ते मी विचारलं नाही.