आईचा विक्रम होईपर्यंत

चष्म्याच्या दुकानात येणारा माणूस आधी भिंतीवरच्या अक्षरांकडे डोळे बारीक करून बघतो. हा आला तो थेट माझ्याकडे बघत आला. खिशातून रुमाल काढला, काउंटरवर अलगद उलगडला आणि पाखराला लागलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाला,

"एक स्क्रू मिळेल? अगदी बारीक."

"चष्मा कुठाय?"

"चष्मा नाही... हा आहे."

रुमालात हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम होता. पांढरं प्लॅस्टिक, डावीकडे चार बाणांची बटणं, उजवीकडे दोन गोल, मध्ये काळा पडदा. स्वस्तातला, दुकानदार टोपलीत ढीग लावून विकतात तसला. पाठीवर मार्करने काढलेला एक ठिपका. कोपऱ्यातला स्क्रू गायब.

चष्म्याच्या काडीचे स्क्रू आमच्याकडे डबीभर असतात. मी भिंगाचा दिवा ओढला, चिमट्याने एक स्क्रू उचलला, बसवला. तो माझ्या बोटांकडे बघत होता. बोटांकडेच – मी दोनदा खात्री केली.

"चालू करून बघा," मी म्हणाले.

"चालू होत नाही. मेलाय."

"अरेरे. पडला का?"

"नाही, मीच मारला." तो ओशाळून हसला. "लिनक्स टाकत होतो त्यात."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण तो काउंटरवर कोपर टेकून समजावायलाच लागला. अशा प्रत्येक यंत्राच्या आत म्हणे एक कारभारी असतो. पडद्यावर काय दाखवायचं, बटण दाबलं की काय करायचं, सगळं तो बघतो. या खेळातला कंपनीचा कारभारी आडमुठा, दिलेल्या चार खेळांपलीकडे काही करू देत नाही. लिनक्स हा दुसरा कारभारी. फुकट मिळतो, कुठेही राबतो आणि सांगाल ते ऐकतो.

"मग?"

"जुन्याला काढलं. नवा आलाच नाही."

"म्हणजे घर रिकामं."

"बरोब्बर! आणि किल्ली आत!" माझं डोकं चाललं याचा त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

"पण एवढा खटाटोप कशाला?"

त्याने खांदे उडवले. "होतं का बघायला."

अंगात निळा डगला, त्यावर ग्रीसचे डाग. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि घरी जाऊन स्वतः असल्या गोष्टीत अडकायचं. होतं का बघायला... इतकं बिनकामाचं आणि इतकं गोड कारण मी कधी ऐकलं नव्हतं.

"असाच दुसरा, चालू असलेला मिळाला ना," तो म्हणाला, "तर त्यातला उठवणारा तुकडा उतरवून घेता येईल. पहिला, छोटासाच तुकडा असतो. त्याच्या जोरावर बाकीचं जागं होतं. पण हे मॉडेल आता बनत नाही. सगळा बाजार पालथा घातला."

"आमच्या आईकडे आहे," मी बोलून गेले.

जीभ चावली, पण उशिरा.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. याची तार त्याला आणि त्याची तार तिला जोडता जोडता बोटं इतकी चपळ झाली, की निवृत्तीनंतर त्यांना करमेना. दादाने स्वतःच्या लेकासाठी हा खेळ आणला, लेकाने दुसऱ्याच दिवशी टाकला आणि आईने उचलला. वरून पडणारे ठोकळे फिरवायचे, ओळी भरायच्या, भरलेली ओळ नाहीशी होते. बस, एवढंच. रोज दुपारी आई आणि ठोकळे. तिचा विक्रम होता चार लाख अठरा हजार. हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता, शेजारणींना पाठ होता, वीजमीटर बघायला येणाऱ्यालाही पाठ होता. "यंत्राचीच चूक असेल," असं मामा एकदा म्हणाला, तर आईने त्याचा फोन घेणं सोडलं होतं.

म्हणून मी तिला विचारलंच नाही. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली त्या दुपारी खेळ पर्समध्ये टाकला आणि दुकानात आणला.

मालक जेवायला गेले होते. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी त्याने लॅपटॉप मांडला. दोन्ही खेळ उघडले, बॅटऱ्या बाहेर काढल्या. भिंगाच्या दिव्याखाली दोन डोकी. दिवा एकच, काय करणार! त्याच्या डगल्याला ग्रीसचा वास होता आणि वर घाईघाईत लावलेल्या साबणाचा.

"श्वास रोखलाय का तुम्ही?" त्याने विचारलं.

"तार हलेल म्हणून."

"मी पण तारेसाठीच रोखलाय," तो म्हणाला. फार गंभीरपणे.

आईच्या खेळातून उठवणारा तुकडा लॅपटॉपवर उतरला. त्याने तार सोडवली. मी सवयीने दोन्ही खेळ स्पिरिटच्या फडक्याने लख्ख पुसले. माझ्या टेबलावरून बोटांचे ठसे घेऊन काही परत जात नाही, हा माझा नियमच आहे.

"आता माझ्यात तुकडा आणि लिनक्स, दोन्ही घालतो..." असं म्हणताना तो बघत मात्र माझ्याकडे होता. "तुमच्या गालाला ती घासायची पावडर लागलीय."

"कुठे?"

"इथे..." बोट गालापाशी येऊन थांबलं. मग तेच बोट त्याने गडबडीने खाली नेलं, हाताला आला तो खेळ उचलला आणि तार जोडली.

थोड्या वेळाने पडदा उजळला. काळ्यावर पांढऱ्या ओळी, भराभर, भराभर, उलट्या पडणाऱ्या पावसासारख्या खालून वर धावल्या आणि शेवटी एक इवलीशी खूण लुकलुकत थांबली.

"उठला!" तो ओरडला. मीही ओरडले. काय झालंय ते मला नीट कळलंही नव्हतं, पण आम्ही एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो. आणि उड्या मारता मारताच मला ते बटण दिसलं. डावीकडचा बाण, झिजून पार पुसला गेलेला. आईच्या अंगठ्याने.

"हा... हा आईचा आहे."

"छे, माझ्यावर ठिपका आहे ना—" त्याने खेळ उलटा केला. दुसराही उलटा केला. दोन्ही पाठी कोऱ्या. "ठिपका कुठे गेला?"

मी हातातल्या फडक्याकडे बघितलं. त्यावर एक काळा डाग होता.

"अरे, तो उतरवलेला तुकडा आहे ना? परत घाल की!"

"तो फक्त उठवण्यापुरता. विक्रम दुसरीकडे असतो." त्याने तार काढून खेळ टेबलावर ठेवला. "असायचा."

घाबरून मी त्याला 'अरे' म्हणून गेले, हे दोघांच्याही लक्षात आलं. पण ती वेळ लाजायची नव्हती.

"मी येतो तुझ्या घरी," तो म्हणाला. "मीच सांगतो."

आई घरी पोचली होती. अर्धा जबडा बधिर, गालात कापूस. उशीखाली, टीव्हीमागे, फ्रिजवर, सगळीकडे शोधून झालं होतं. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माझं फडकं तेवढं वगळलं, ते मला मध्ये घुसून सांगावं लागलं.

आई अर्ध्या तोंडाने म्हणाली, "तू करतोस काय?"

"लिफ्ट दुरुस्त करतो, काकू."

"चालू असलेल्या लिफ्टही अशाच दुरुस्त करतोस?"

मला हसू आलं. आईने असं बघितलं की ते आल्या वाटेने परत गेलं.

"हाच ठोकळ्यांचा खेळ लिनक्सवरही चालतो," तो म्हणाला. "आत्ता घालून देतो."

"आणि माझे चार लाख अठरा हजार?"

"आकडा टाकून दे ना," मी कुजबुजले.

आईचे कान एक्सचेंजमधले. "टाकता येतो?"

"येतो. लगेच होईल." तो अडखळला. "पण काकू... तो मी लिहिलेला आकडा असेल. तुम्ही केलेला नाही. रोज बघाल, आणि रोज तुम्हाला ते माहीत असेल."

आईने बधिर गाल चाचपला. त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शून्यापासून लाव. आणि ऐक. माझा आकडा परत येईस्तोवर दर रविवारी इथे हजेरी. बटण अडलं, पडदा विझला, तर निस्तरायचं तू. आकडा आला की तुझी सुटका."

"चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन, की मलाच ऐकताना कसंसं झालं.

मग सुरू झाले ते रविवार. तो यायचा, जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडायचा आणि आई खुर्चीतून हुकूम सोडायची. "डावं बटण जड लागतंय." "हे ठोकळे आळशी आहेत, जरा पळव." "पडदा केवढा उजळ, आंधळी करशील मला!" मी चहा आणायचे. दर वेळी विचारायचे, "साखर किती?" आणि तो दर वेळी "एक" म्हणायचा, जणू पहिल्यांदाच भेटतोय.

एका रविवारी आईने एका दणक्यात चार ओळी उडवल्या, आणि खेळातून एकदम ट्रिंग ट्रिंग... जुन्या एक्सचेंजमधल्या घंटेसारखी घंटा वाजली. आईची बोटं थांबली. ठोकळे पडत राहिले.

"हे कुठून आणलंस?"

"शोधत होतो बरेच दिवस. त्रास होत असेल तर काढतो, काकू."

"काढून तर बघ!" आई म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. एरवी चष्मा पुसायला ती माझ्याकडे देते. तेव्हा दिला नाही.

मधल्या वारी तो दुकानात यायचा. स्वतःचा मेलेला खेळ घेऊन. स्क्रू पडला म्हणून.

"परत?"

"लिफ्टमध्ये हादरे फार बसतात."

"या साहेबांचा चष्मा बघण्यासारखा आहे हं," मालक पलीकडून म्हणायचे. "काचाच नाहीत!"

सगळं किती छान चाललं होतं! फक्त आईचा आकडा वाढत होता. दोन लाख... अडीच... तीन. आई आनंदाने ओरडायची आणि मी उरलेले रविवार मोजायचे. कारण आकडा आला की त्याची सुटका, हे ठरलेलं होतं. आणि हा बाबा दिलेला शब्द पाळण्यासाठी येतोय की माझ्यासाठी, ते काही केल्या कळत नव्हतं.

एकदा मी जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"पावणेचार लाख झाले आईचे."

"हो. होईल आता लवकरच."

"मग सुटलास."

तो हेल्मेटचा पट्टा लावत राहिला, काढत राहिला. "तुला काय वाटतं, होईल?"

"मला काय वाटायचंय..." मी म्हणाले. "होतं का बघायचं."

पुढच्या दोन्ही रविवारी आई अगदी आकड्यापाशी येऊन अडखळली. तिसऱ्या रविवारी आकडा चार लाख सतरा हजारांवर पोचला. बाहेर भुरभुर पाऊस होता. पडद्यावर उजवीकडे एक अरुंद खाच मोकळी, आणि वरून नेमकी उभी पट्टी आली. ती खाचेत सोडायची, चार ओळी उडायच्या आणि संपलं. मी चहाचा ट्रे घट्ट धरला.

आईच्या अंगठ्याने डावं बटण दाबलं. एकदा. पुन्हा एकदा. पट्टी डावीकडच्या ढिगावर जाऊन उभी राहिली, ढीग वरच्या कडेला टेकला आणि खेळ संपला.

"गेला बाई," आई म्हणाली. "बघू आता पुढच्या रविवारी."

"काकू," तो हळूच म्हणाला, "पट्टी उजवीकडे जायला हवी होती."

"बोटं दमली रे."

"तुमची?"

"तूच ते डावं बटण हलकं करून ठेवलंयस!"

"आई, गेल्या दोन रविवारीही तू मुद्दामच..."

"मग काय करू?" आईने खेळ मांडीवर आपटला. "आकडा आला की हा जाणार! तुम्हा दोघांच्या तोंडाला कुलपं. ही बया दर रविवारी साखर किती विचारते, हा 'एक' म्हणून चहा पितो आणि जिना उतरतो. मी एकटीने किती दिवस हरत राहू?"

मी ट्रे खाली ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. खिशात हात घातला आणि एक फडकं काढलं, आमच्याच दुकानातलं, चष्म्याबरोबर देतो ते. उलगडलं. आत बारीक बारीक स्क्रू. सगळे मी बसवलेले.

"हे पडत नव्हते," तो म्हणाला. "मी काढायचो. दुकानाच्या अलीकडच्या वळणावर."

"माहीत होतं मला. मी बसवलेला स्क्रू आपोआप पडत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आला असतास?" मी त्यातला एक स्क्रू उचलला. "आणि तुझा खेळ अजून मेलेलाच कसा? उठवणारा तुकडा तर पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे आहे!"

"तो उठवला असता, तर दुकानात काय घेऊन आलो असतो?" मग तो आईकडे वळला. "काकू, मला सुटका नकोय. अडकलेल्यांना बाहेर काढणं माझा धंदा आहे, पण इथे..."

"हे मला काय सांगतोस?" आईने खेळ पुन्हा उचलला. "तिला सांग. जा गॅलरीत. मला खेळायचंय. आता नीट."

गॅलरीत कठड्यावर थेंब बसले होते. एकाशेजारी एक, रांगेने.

"सांग," मी म्हणाले.

"काय?"

"पुढचं. 'पण इथे...' नंतरचं."

"पण इथे... मला तू आवडतेस. पहिल्या स्क्रूपासून." एका दमात बोलला तो. "आता तू."

"मी तर आईचा विक्रम पळवून आणला होता तुझ्यासाठी. अजून काय सांगू?"

तो हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "तुझ्या गालाला..."

"पावडर? आज रविवार आहे. दुकान बंद असतं."

"माहितीय," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचं बोट थांबलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पाऊस थांबला होता बहुतेक. आत घंटा वाजली. ट्रिंग ट्रिंग. थोड्या वेळाने पुन्हा. आणि मग आईची आरोळी आली,

"चार लाख एकोणीस हजार! अरे, कोणी बघायला येतंय का?"

आम्ही ऐकलं. दोघांनीही. पण हात कोणी सोडेना... आत एक्सचेंजची घंटा पुन्हा वाजली, आणि आम्ही ती वाजू दिली.