चिठ्ठीत निघालेली बाजू

विधी विद्यापीठाच्या अभिरूप न्यायालयात वर्षानुवर्षे विद्यार्थी लुटुपुटूचे खटले लढवत आले होते. आता न्यायाधीशाच्या खुर्चीच्या जागी न्याययंत्राचा पडदा होता आणि समोर खरे पक्षकार. कौटुंबिक खटल्यांसाठी सरकारने हीच खोली घेतली होती.

शलाका देवरुखकर याच विद्यापीठाची सुवर्णपदक विजेती. आज ती आपल्या चार वर्षांच्या लेकीच्या, इराच्या ताब्यासाठी आली होती.

"तुझ्या नवऱ्याने वकील दिलेलाच नाही," तिला इथेच शिकवणारे आणि पुढे न्याययंत्रालाही शिकवणारे प्रा. हसबनीस हळूच म्हणाले. "विश्रामने नुसता एक नोंद-क्रमांक दाखल केलाय. तुझ्या अंतिम फेरीतल्या युक्तिवादाचा."

शलाका गर्रकन वळली. "सर, ती स्पर्धा होती! यंत्राला तेच का शिकवलंत?"

"खऱ्या कोर्टात तारखा पडतात, कागद गहाळ होतात, अर्धं बोलणं राहून जातं. इथली मुलं दोन्ही बाजू जीव तोडून मांडतात. इतके स्वच्छ युक्तिवाद दुसरीकडे कुठे मिळणार? ज्या युक्तिवादाला समोरच्याकडून उत्तर मिळालं नाही, तो यंत्राने नियम म्हणून धरला."

"आणि बोलणाऱ्याला ते पटतंय का, हे?"

"ते नाही शिकवलं." सरांनी चष्मा पुसला. "तुम्हाला तरी कुठे शिकवलं होतं?"

पडद्यावर पाच वर्षांपूर्वीची शलाका उभी राहिली. सातवा महिना, काळ्या कोटाची बटणं लागत नव्हती. चिठ्ठीत तिला मुलाच्या ताब्यासाठी भांडणाऱ्या वडिलांची बाजू आली होती.

"मुलाला माया लागते, हे मान्य. पण माया घरात हजर असावी लागते. दिवसाचे बारा तास बाहेर असणारी आई..."

पहिल्या रांगेत विश्राम टाळ्या वाजवत होता.

"प्रतिवाद?" यंत्राने विचारले.

"मला हे तेव्हाही पटत नव्हतं. बाजू चिठ्ठीने ठरली होती."

"चिठ्ठीची नोंद आहे. म्हणजे न पटलेली गोष्टही आपण इतक्याच खात्रीने मांडू शकता. मग आजच्या खात्रीला किती वजन द्यावे?"

शलाकाला उत्तर सुचले. नेटके, धारदार. आणि त्याच क्षणी कळले, ते जितके नेटके, तितके संशयास्पद ठरणार. तिने कागद खाली ठेवला.

"इराला झोपताना माझ्या कानाची पाळी धरायला लागते... ती... मी घरी आले की..."



यंत्राने नियमाप्रमाणे तीन मिनिटे वाट पाहिली. "प्रतिवाद अपूर्ण. मूळ युक्तिवाद कायम. ताबा वडिलांकडे."

दार उघडले. बाहेर थांबलेली इरा बाबाचा हात सोडवून धावत आली. तिच्या सँडलचा पट्टा सुटला होता. शलाका खाली बसून तो लावू लागली.

घरी कपाटावर ठेवलेल्या, आईने त्या स्पर्धेत जिंकलेल्या चषकाची गोष्ट इराला तोंडपाठ होती. तिने विचारले, "आई, आजपण तूच जिंकलीस?"

शलाकाने मागे वळून पाहिले. पडद्यावर विजयी युक्तिवादाखाली तिचेच नाव होते.

"हो गं सोन्या," ती म्हणाली.