सातवा रेडिएटर

एल्विन पॅरी माणसं आकड्यांवरून ओळखायचा. घर गरम ठेवणारा बॉयलर बदलायला सरकारी अनुदान मागणारे लोक खोल्या कमी सांगतात आणि खोकला जास्त, हे तेवीस वर्षं घरोघर तपासणी करून त्याला पाठ झालं होतं. ब्लायनाय गावातल्या, पाटीच्या दगडाच्या खाणीच्या डोंगराखालच्या त्या घराचा अर्ज मात्र त्याला खटकला. आधीच्या दोन्ही तपासनीसांनी खोल्या तापवणारे रेडिएटर सात लिहिले होते, मिस्त्रींना दोन्हीदा सहाच सापडले. कचेरीने अर्ज दोनदा परत पाठवला होता. ही शेवटची खेप.

"ये. ग्वेनचा ना रे तू?" मॉरविद प्रिचर्डबाईंनी दार उघडलं. वय एक्याऐंशी, अंगात दोन स्वेटर, श्वासाला शिट्टी. "तुझी आईसुद्धा बिस्किटं मोजूनच द्यायची."

"तुम्ही न मोजता खायचात म्हणून, मिसेस प्रिचर्ड."

बॉयलर एप्रिलपासून बंद पडलेला. खाली तीन रेडिएटर, वर तीन. एल्विनने प्रत्येकावर तळवा ठेवला. पाटीच्या दगडासारखे गार. सहा. उतरताना, लिहायला हात मोकळे हवेत म्हणून, काखेतले भिजलेले लोकरी हातमोजे त्याने जिन्याच्या वळणावर सवयीने वाळत टाकले. चार पायऱ्या उतरून तो थांबला.

कशावर टाकले?

छोट्या खिडकीखाली सातवा रेडिएटर होता. जुना, बिडाचा, उभ्या नळ्यांचा. त्याला पाइप कुठूनच येत नव्हता. मोज्यांतून वाफ निघत होती. शेजारी खुर्ची, खुर्चीवर घोंगडी.

"तिथंच झोपते मी," बाई खालून म्हणाल्या. "सहाच लिही."

"पण आहे तो."

"आहे रे. पण सात लिहिलंस की मिस्त्री येतात, सातवा शोधतात, सापडत नाही, अर्ज परत. डॉक्टर म्हणतो, ही छाती आणखी एक थंड हिवाळा काढणार नाही."

डोळ्यांनी पाहिलेला आकडा एल्विनने आजवर बदलला नव्हता. त्याने सहा लिहिलं, सही केली. वर काहीतरी टक् वाजलं, तापलेलं लोखंड निवताना वाजतं तसं. मोजे तिथंच विसरून तो निघाला.

अनुदान मंजूर झालं. तीन आठवड्यांनी तो नवा बॉयलर पाहायला आला. सहाही रेडिएटर हाताला चटका देत होते, काचांवर बाष्प धरलं होतं. जिन्याच्या वळणावर नुसती भिंत. वॉलपेपरची फुलं सगळीकडे सारखीच विटलेली.

बाई त्याच खुर्चीत होत्या, घोंगडी गळ्यापर्यंत.

"घर गरम झालंय रे," त्या म्हणाल्या. "मी नाही."

"कधी गेला तो?"

"तू सही केलीस तेव्हा."

"आणि माझे मोजे?"

त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढला. लोकर आटून मोजे लहान मुलाच्या हाताएवढे झाले होते. तळव्यांवर उभ्या नळ्यांचे करपलेले पट्टे.

"घे. तुझेच आहेत. त्याची ऊब माझ्याकडे तेवढीच उरलीय."

एल्विनने हात पुढे केला. मोजे अजून कढत होते. ते देणारी बोटं पाटीच्या दगडासारखी गार होती.