कुलूपबंद निरोप

काम तसं नेहमीचंच होतं. हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून रुग्णांचे रिपोर्ट जात, घरच्यांचे निरोप येत, आणि हे सगळं पोस्टकार्डासारखं उघड्यावरून चाले. वाटेत बसलेल्या कुणालाही वाचता यावं असं. कुणीतरी वाचलंही होतं. एका बाईचा आजार तिला स्वतःला कळायच्या आधी तिच्या ऑफिसात पोचला होता. त्यानंतर सर्व्हरवर डिजिटल सर्टिफिकेट बसवायला ठकूला बोलावणं आलं. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. ते बसलं की मजकूर कुलूपबंद होऊनच बाहेर पडतो.

ठकू हे घरातलं नाव. बाहेर तिला मॅडमच म्हणत. ठकू म्हणणारा तिचा थोरला भाऊ तापाच्या साथीत याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या तापाच्या वॉर्डात वारला होता. तिथं आत कुणाला सोडत नसत. खाटेजवळ छोटे स्क्रीन लावलेले; घरच्यांनी वेबसाइटवरून लिहायचं, आतल्यानं उत्तर द्यायचं. साथ ओसरली आणि वॉर्डही बंद झाला.

तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत फिनेलचा वास कोंडला होता. मशीनचे पंखे एकसुरी घरघरत होते. ठकूनं कुलपाची डिजिटल किल्ली तयार केली, सर्टिफिकेट चढवलं. आता जुनी उघडी वाट बंद केली की झालं. त्याआधी त्या वाटेनं अजून काय येतं-जातं, हे बघायला तिनं तिथून जाणारा मजकूर स्क्रीनवर लावला. रिपोर्ट सरकत होते. मध्येच एक ओळ आली.

‘ठके, आलीस?’

तिची बोटं जागीच थांबली. पाठवणारा: तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. दादाची खाट.

कुणीतरी चेष्टा करतंय, असं मनाला बजावत ती वर गेली आणि मोठ्या सिस्टरना गाठलं.

“तापाच्या वॉर्डातले स्क्रीन अजून चालू आहेत?”

“कुठले स्क्रीन? ते केव्हाच काढून नेले. चला, दाखवते.”

कुलूप कुरकुरत उघडलं. भर दुपारी आत मळकट अंधार होता. खाटा एकावर एक रचलेल्या. खिडकीजवळच्या भिंतीतून तुटक्या वायरी लोंबत होत्या, त्यांवर धूळ बसलेली.

“तुमचं कुणी होतं का इथं?” सिस्टरनी हळूच विचारलं.

“भाऊ.”

सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “खाली चला, मॅडम.”

“सिस्टर, तुम्हाला इथं कधी...”

“मी काही पाहिलेलं नाही. पण माझ्या हाताखालच्या नर्स मुली या जिन्यानं येत नाहीत. म्हणतात, आत कुणीतरी टाइप करतं...”

ठकू परतली तेव्हा नव्या ओळी येऊन थांबल्या होत्या.

‘इथं फार अंधार आहे गं.’

‘वाट बंद करू नकोस, ठके... माझं वाचणारं दुसरं कुणी नाही.’

तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. तेवढ्यात खालून एका अनोळखी माणसाचा रिपोर्ट सरकत आला. नाव, पत्ता, आणि त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल असा आजार. ठकूनं तो वाचला. वाचता आला, म्हणूनच ती पुटपुटली, “कुलूप लावते रे, दादा.”

वाट बंद झाली. स्क्रीनवरच्या ओळींचा अर्थहीन अक्षरांचा लगदा झाला, मग तोही थांबला. तिनं तोंड ओंजळीत झाकलं आणि पोटभर रडून घेतलं.

डोळे पुसून वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्यावरून निरोप पुन्हा सुरू झाले होते. नव्या वाटेनं, रीतसर कुलूपबंद. त्यात काय आहे ते तिला दिसेना. सर्व्हरवर शोधलं, तर तिथं एक अक्षरही साठलेलं नव्हतं.

एवढ्यावर तिनं मशीन तसंच सोडलं असतं. पण निरोप एकाच बाजूनं जात नव्हते. दादाला उत्तरं मिळत होती, झरझर, मनमोकळ्या गप्पांसारखी. उत्तर देणाऱ्याचं खातं तिनं उघडून पाहिलं. ते तिचंच होतं.

तिनं कीबोर्डची वायर उपसून काढली. वर जाणारी उत्तरं आणखी लांब होत गेली.

तिच्या नावानं कुणीतरी दादाला कशाकशाचा शब्द देत होतं, ते तिला कधीच वाचता येणार नव्हतं.