तिसऱ्या रांगेतला घड्याळजी

गंधारनं विंगेतली पेटी उघडली ती एक्स्टेंशन बोर्ड शोधायला. आत बोर्ड नव्हता. आत नऊवारी नेसलेली एक मुलगी होती, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली.

"झाकण लावा," ती म्हणाली. "वारा लागतोय."

त्यानं लावलं. मग माणुसकी म्हणून झाकणावर टकटक केली. "तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"सराव चाललाय. काय हवंय?"

"बोर्ड."

"पडद्यामागे."

बोर्ड पडद्यामागेच होता. गंधारचं लक्ष मात्र त्या दिवसापासून पेटीपुढेच राहिलं.

गंधारचं बुधवार पेठेत माईक-स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. पेटीतली द्वारका सोमवार ते शुक्रवार खराडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि रविवारी दुपारी उत्तरेश्वरमामांच्या जादूच्या प्रयोगात गायब व्हायची. "दोन्हीकडे एकच काम," ती म्हणायची. "नीट झालं तर कुणाला दिसत नाही."

पेटी १९१४ सालची, मामांच्या गुरूंच्या गुरूंची. तिच्या तळाशी एक चोरकप्पा होता. पहिली मदतनीस, कुसुम नावाची बाई, त्यात घसरून लपायची, आणि लपल्या लपल्या केसांच्या आकड्यानं कप्प्याच्या छतावर कोरायची. ते वाचायचं तर कप्प्यात उताणंच पडावं लागे.

"फोटो काढून आणा की," गंधार म्हणाला होता.

"कुसुम लहान चणीची होती, माझे तिथं हात हलत नाहीत. फक्त डोळे हलतात."

म्हणून प्रयोग संपला की, चहाबरोबर, द्वारका त्याला एकेक ओळ सांगायची. खेळाच्या दिवशी कुसुम अर्धीच भाकरी खायची. बैलगाडीतून गावोगाव हिंडताना झोपायची ती याच पेटीत. शिंक आलीच तर जीभ टाळूला दाबून धरायची. आणि घड्याळं दुरुस्त करत त्याच गावांतून हिंडणारा एक घड्याळजी रोज तिसऱ्या रांगेत येऊन बसायचा... कुसुम गायब झाली की सगळे टाळ्या वाजवायचे, हा मात्र ती परत आल्यावर. तोपर्यंत कानाची पाळी चोळत बसायचा.

"मग? बोलला का तिच्याशी?"

"पुढच्या रविवारी."

असे सात रविवार झाले. गंधार प्रयोगाचा आवाज सांभाळायला मिक्सर घेऊन तिसऱ्या रांगेत बसायचा आणि आठवडाभर एका परक्या घड्याळजीची काळजी करायचा.

आठव्या रविवारी शेवटचा प्रयोग होता. मामा निवृत्त होऊन दुसऱ्या दिवशी पेटी धाराशिवला नेणार होते. त्यानंतर द्वारकाला भेटायचं काय निमित्त काढावं, हे गंधारला सुचत नव्हतं. निदान कुसुमचं काय झालं ते तरी कळावं.

"आज नाही सांगणार," द्वारका म्हणाली, आणि पदर टाचायला निघून गेली.

गंधार सहा फुटांचा. कुसुम पावणेपाच फुटांची होती, हे माहीत असूनही तो डोक्याकडून, उताणा, कप्प्यात शिरला. कमरेपर्यंत गेला. पुढे जाईना, मागे येईना. नाकापासून चार बोटांवर, फटीतल्या उजेडात, अक्षरं होती. एकच ओळ.

*कंबर दुखते. कुसुम.*

पावलं वाजली. थांबली.

"हे पाय तुमचे आहेत?" द्वारकाचा आवाज.

"हो. घड्याळजी कुठाय?"

"नाहीये. मीच रचला."

"म्हणजे सात रविवार तुम्ही..."

"पहिल्याच रविवारी खरं सांगितलं असतं तर तुम्ही बाम सुचवून निघून गेला असता."

"आणि कान चोळणं?"

"माझ्यासमोर मिक्सर घेऊन कान चोळत कोण बसतं दर रविवारी?"

गंधारचा हात कानाकडे निघाला. हात हलत नव्हता.

"मग आज का नाही सांगितलं?"

"आज शेवट करायचा होता. तो मला येईना." तिचा आवाज खाली आला. "एक तर घड्याळजी काहीतरी विचारतो... नाहीतर पेटी धाराशिवला जाते."

"पेटी जाऊ दे. तुम्ही?"

"मी इथंच आहे, वारज्यात."

"मग घड्याळजी विचारतो," गंधार म्हणाला.

"काय विचारतो?"

तेवढ्यात मामा आले आणि आत न बघताच त्यांनी झाकण पाडलं. "चला, चला," म्हणत त्यांनी पेटी रंगमंचावर ढकलली. शेवटच्या खेळाचा पडदा उघडला.

"रसिकहो," मामांनी झाकण वर केलं आणि पेटी प्रेक्षकांकडे कलती केली, "खात्री करून घ्या. पेटी संपूर्ण रिकामी आहे."

पेटीत दहा नंबरच्या सँडलमधले दोन पाय होते.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मागच्या वेळची मुलगी बरी होती."

मामांना चाळीस वर्षांचा अनुभव होता. "पेटी शंभर वर्षांची आहे," ते म्हणाले. "आत कोण राहून गेलंय, आम्हाला तरी कुठं माहीत?"

मागोमाग धावत आलेली द्वारका वाकली. "श्वास सोडा. डावा खांदा आधी. आता हनुवटी आत... आणि वळा."

"तू," आतून दबका आवाज आला, "पुढच्या रविवारी मोकळी आहेस का? पेटी नसताना?"

"हे आत्ता विचारतोस?"

"इथं फक्त डोळे आणि तोंड हलतंय."

तिनं दोन्ही पाय धरून ओढले. गंधार बाहेर आला, केसांत शतकभराची धूळ घेऊन. टाळ्या पडल्या. मघाचे गृहस्थही वाजवत होते, पण मोजक्या.

"मोकळी आहे," ती समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली. तिनं त्याचा हात धरला आणि दोघं प्रेक्षकांना वाकले.

नमस्कार झाला की मदतनीस अंगठ्यानं जोडीदाराचा तळहात टोचते, म्हणजे हात सोडायचा, अशी रंगमंचावरची रीत आहे. पडदा पडला. मामा पेटी ढकलत गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या, दिवेही एकेक करून विझले.

द्वारकानं टोचलं नाही.