दुसऱ्या घरातली प्रत

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्या काळ्या पेटीवर दोन हात एकाच वेळी पडले. एक तिचा, बोटांवर प्रिंटरच्या शाईचे डाग असलेला. दुसरा इतका स्वच्छ, की तिला आपला हात मागे घ्यावासा वाटला. पण तिने घेतला नाही.

"ही मी घेतेय," ती म्हणाली.

"मी सकाळी फोन करून सांगितलं होतं."

"मी समोर उभी राहून सांगतेय."

दुकानदार काकांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि सरळ आत चहा ठेवायला निघून गेले. तसली छोट्या कॉम्प्युटरची पेटी एकच होती. जाडजूड पुस्तकाएवढी, कमी वीज खाणारी, महिनोन्‌महिने चालू ठेवली तरी हूं की चूं न करणारी.

"तुम्हाला कशाला हवी?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. वडिलांचा फोटो स्टुडिओ, त्यातले चाळीस वर्षांचे फोटो. ते सगळे तिने दोन वर्षं खपून स्कॅन केले होते आणि इंटरनेटवरच्या एका कंपनीकडे ठेवले होते. गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, की महिनाअखेर आम्ही बंद होतोय, आपलं सामान हलवा. तेव्हापासून बाबांनी अबोला धरला होता. म्हणून तिला आता स्वतःचा सर्व्हर, फोटो सांभाळणारा कायम चालू कॉम्प्युटर, हवा होता, स्टुडिओच्या मागच्या खोलीत, डोळ्यांसमोर.

"आणि त्यावर सिस्टिम कुठली? बॅकअप कशाने घेणार? बाहेरून उघडायचा झाला तर?"

तिने विचार केला नव्हता असं नाही… पण तो पेटीपर्यंतच.

तो हसला. हसताना त्याचे दात फारच नीटनेटके दिसले, आणि त्याचं कारण लगेच कळलं. त्याने खिशातून छापील पॅड काढलं. वर 'दंतचिकित्सक' असं लिहिलेलं. भराभर काहीतरी खरडून त्याने कागद तिच्या हातात दिला.

"पेटी घ्या तुम्ही. माझ्या दवाखान्यात एक चालू आहे, ही जोडीला हवी होती. पण सगळं या क्रमानेच करा."

घरी येऊन तिने कागद उघडला, तर एक अक्षर लागेना. बाबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि आठवडाभरातलं पहिलं वाक्य बोलले. "जेवणानंतर घ्यायचं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी दोन ओळी वाचून दाखवल्या आणि तिसरीपाशी अडले.

"ही… मलाही लागत नाहीये."

"तुमचे पेशंट जगतात कसे?"

"दातदुखीने कोणी मरत नाही. त्यावरच चाललंय माझं."

शेवटी रविवारी ते स्वतःच स्टुडिओत आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत वायर ओढली. पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. तिला फोटो पाहायचा असा प्रोग्राम हवा होता, जो चेहरे ओळखतो, वर्षांप्रमाणे मांडतो, रंगही सुधारतो. डॉक्टरांचं म्हणणं, आधी रोजची प्रत, मग कुलूप, मग नखरे.

"नखरे?" तिने भुवई उंचावली.

"म्हणजे… सोयी."

"मग सोयी म्हणा."

त्यांनी मुकाट्याने सोयी म्हटलं. बाहेरच्या जगासाठी सर्व्हरला दार ठेवायचंच नाही, इंटरनेटवरून फक्त आपल्यालाच आत येता येईल असा एक खाजगी बोगदा ठेवायचा, हे तिला पटलं. नवा, चकचकीत प्रोग्राम की जुना, कंटाळवाणा पण न कोसळणारा, यावर मात्र तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी तिने दोन्ही चालवून पाहिले आणि जुनाच ठेवला. डॉक्टर जिंकले होते, पण तिने तो का ठेवला याची कारणं त्यांच्यापेक्षा तिलाच जास्त चांगली सांगता आली. ते ऐकत राहिले… जरा जास्तच वेळ.

बाबांना आता मोठ्या पडद्यावर आपली माणसं एका बोटात दिसू लागली. ते पुन्हा बोलू लागले, आणि इतके बोलू लागले की डॉक्टरांना निघायला उशीर व्हायचा.

"एक प्रत दुसऱ्या घरी हवी," एका रविवारी डॉक्टर म्हणाले. "इथे आग लागली, पाणी शिरलं, तर?"

"कोणाच्या घरी?"

"माझ्या… म्हणजे दवाखान्यात. आणि माझी तुमच्याकडे. कुलूपबंद. किल्ली, म्हणजे पासवर्ड, ज्याचा त्याच्यापाशी."

तसं ठरलं. तिचे फोटो रोज दुपारी त्यांच्याकडे जायचे, त्यांचे एक्स-रे तिच्याकडे यायचे. आलेली प्रत शाबूत आहे ना, हे कुलूप न उघडताही तपासता येत होतं, आणि ते ती दर सोमवारी न चुकता करायची.

"तुमच्या दवाखान्यातच, टेबलावरच्या डिस्कवर निघते ती प्रत कधी उघडून पाहिलीत?" तिने एकदा विचारलं.

"रोज निघतेय की ती."

"निघतेय हे कळलं. उघडतेय का?"

"उघडेल हो."

खरं तर आता काम संपलं होतं. तरीही पुढच्या रविवारी डॉक्टरांना राउटर जरा गरम वाटला, त्याच्या पुढच्या रविवारी तिलाच पंख्याचा आवाज वेगळा आला. पंखा त्या पेटीला नव्हताच. डॉक्टरांनी तो पाऊण तास तपासला.

मग एका मंगळवारी सकाळी फोन आला.

"सर्व्हर गेला." डॉक्टरांचा आवाज ओळखू येत नव्हता. "डिस्क वाचतच नाहीये. आणि टेबलावरची प्रत उघडली, तर… रिकामी. मी फोल्डरचं नाव बदललं होतं, तुमच्याकडच्या प्रतीत ते सुधारलं, इथल्या राहून गेलं. तीन महिने नुसती रिकामी प्रत निघत होती."

त्यांच्याकडे वाकडे दात सरळ करायला येणारी पोरं होती, दर सहा महिन्यांनी काढलेले त्यांच्या वाढत्या जबड्यांचे एक्स-रे होते. आजचा एक्स-रे आज काढता येतो. चार वर्षांपूर्वीचा कुठून काढणार?

इंटरनेटवरून परत पाठवायला दोन दिवस लागले असते. तिने पेटीच उचलली, टॉवेलात गुंडाळली आणि स्कूटर काढली.

दवाखान्यात डॉक्टर हातमोजे घालून एका मावशींच्या दाढेत गुंतले होते. मावशींना कळ सोसवत नव्हती, थांबणं शक्य नव्हतं. तिने कोपऱ्यातल्या टेबलावर पेटी जोडली, नवी डिस्क लावली. पडद्यावर एक रिकामी चौकट आली.

"पासवर्ड?"

डॉक्टरांचा हात थबकला. "मी येतो पाच मिनिटांत…"

मावशींनी घशातून नापसंतीचा आवाज काढला.

"सांगा ना. नंतर बदलू. बाहेर चार पोरं तारा बांधून बसलीत."

"तो जरा… लांब आहे."

"लांबच असावा. सांगा."

डॉक्टरांनी मावशींच्या दाढेकडे पाहत, अगदी हळू सांगायला सुरुवात केली. "रविवारी… फोटोवाली… भेटते…"

तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

"…बाकीचे दिवस… नुसते असतात. सगळं जोडून. इंग्रजी अक्षरांत."

तिने एकेक अक्षर टाइप केलं. कुलूप उघडलं, आणि फायलींची नावं सरसर पडद्यावरून वाहू लागली. सगळी होती. एकही गहाळ नाही.

"हा पासवर्ड कधीचा?" तिने मागे न बघता विचारलं.

"पहिली प्रत तुमच्याकडे पाठवली, त्या दिवसापासूनचा."

मावशींनी तोंडातला कापूस स्वतःच काढला. "अहो बाई, त्याने सांगून टाकलं. आता तुम्ही काहीतरी बोला, म्हणजे माझी दाढ तरी निघेल."

ती वळली. डॉक्टर मास्कच्या वर, कानांपर्यंत लाल झाले होते.

"मलाही नुसतेच असतात," ती म्हणाली. "बाकीचे दिवस."

"म्हणजे… हो?"

"हो. आता त्यांची दाढ काढ."

'काढ' म्हणाली, हे तिच्या लक्षात आलं ते जिना उतरताना.

संध्याकाळी पावसाची भुरभुर होती. डॉक्टर स्टुडिओत आले, ओले केस, हातात ना पिशवी ना वायर. बाबा काउंटरपाशी चौकटी पुसत होते. डॉक्टर उभ्यानेच, एका दमात सगळं बोलून गेले.

बाबांनी हातातली चौकट पुसून संपवली. "तिला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"मग मला काय विचारतोस? बस की."

मागच्या खोलीत ती सर्व्हर पुन्हा सुरू करत होती. स्वतःचाच पासवर्ड तिने तीनदा चुकीचा टाइप केला. मग कीबोर्ड बाजूला सारला, केस सारखे केले… आणि बाहेर आली.